धुराची चव, नावाची चव

हातात सिगार धरलेला माणूस म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी चित्रपटातला खलनायक उभा राहतो. अंगात रेशमी गाऊन, समोर काचेचे टेबल, आजूबाजूला चार हुजरे. हा गृहस्थ सिगारची चव घेत असेल, अशी शंका आपल्याला कधी आली नाही. तो धूर सोडायचा आणि हुकूम द्यायचा, एवढेच त्या सिगारचे काम. पण जगात अशीही मंडळी आहेत, जी सिगार हाती आल्यावर आपल्याकडे आंब्याच्या पेटीभोवती जमलेल्या जाणकारांसारखी बोलू लागतात. हा देवगडचा की रत्नागिरीचा, साल पातळ की जाड, कोयीपाशी आंबट लागतो का, असा आपला वाद जसा रंगतो, तसाच त्यांचा. फरक एवढाच, की ते वही काढून लिहूनही ठेवतात. सुरुवातीला भाजलेले बदाम, मध्यावर कोको, अखेरीस मिरी. कधी ओली माती, कधी देवदाराचे लाकूड, तर कधी चक्क चामडे! आता चामडे ही काय चाखायची गोष्ट झाली?

अशा नोंदी वाचून हसू येते खरे, पण त्या निव्वळ थापा नाहीत. त्यात जिभेचा भाग किती, नाकाचा किती आणि नावाचा महिमा किती, हे उलगडून पाहण्यासारखे आहे. ओढणाऱ्यांसाठी नव्हे, तर 'दर्दी' या शब्दामागे काय काय दडते याचे कुतूहल असणाऱ्यांसाठी.

आधी वस्तू समजून घेऊ. विडीमध्ये तेंदूचे पान नुसते गुंडाळायला असते, आत तंबाखूचा चुरा. सिगारमध्ये आतबाहेर सगळा तंबाखूच. मध्ये लांब पानांचा गाभा, त्याला घट्ट धरून ठेवणारे एक मधले पान आणि वर गुळगुळीत, शिरा न दिसणारे वेष्टनाचे पान. वेष्टनाचे पान सर्वांत महाग. क्यूबामध्ये त्यासाठी अख्ख्या शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात, म्हणजे ऊन गाळून येते आणि पान पातळ, रुंद राहते. गाभ्यातली पाने मात्र उघड्या उन्हात वाढलेली. त्यातही झाडाच्या बुडाची, मधली आणि शेंड्याची पाने वेगळी काढतात. बुडाचे पान सहज जळते, मधले सुगंध देते आणि शेंड्याचे, ज्याने सर्वांत जास्त ऊन खाल्ले, ते जाड, तेलकट आणि जहाल. गंमत अशी, की या जहाल पानाला स्पॅनिशमध्ये 'लिहेरो' म्हणजे 'हलके' म्हणतात. ते सर्वांत हळू जळते म्हणून मधोमध घालतात. एकाच झाडाची तीन उंचीवरची पाने कोणत्या प्रमाणात घालायची, यावर त्या सिगारची जात ठरते. आपल्याकडे गोडा मसाला प्रत्येक घरचा वेगळा, तसाच हा प्रकार.

पण चवीचे खरे काम शेतात होत नाही, ते नंतर होते. वाळवलेली पाने किंचित ओलावून त्यांचे मोठमोठे ढीग रचतात. आंब्याची आढी घातल्यावर जशी आतून ऊब धरते, तसे हे ढीग आतून तापतात. ऊब वाढली की ढीग मोडायचा, पाने वरखाली करायची आणि पुन्हा रचायचा. या आंबवण्यात अमोनियाची उग्र वाफ निघून जाते, कडवटपणा उतरतो आणि पान गडद होते. निपाणीच्या बाजूला ज्यांनी तंबाखूच्या वखारीवरून जाता जाता नाक धरले आहे, त्यांना पानाचा मूळ उग्रपणा सांगायला नको. उत्तम सिगारच्या पानात तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे मुरवून शांत केलेला असतो.

आणि इथेच त्या बदाम-कोकोचे कोडे उलगडते. सिगारमध्ये कुणी कोको घालत नाही. पण वाळवताना, आंबवताना आणि शेवटी जळताना पानातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यात जी क्रिया होते, तीच कॉफीचे बी, कोकोचे बी किंवा शेंगदाणे भाजताना होते. तिच्यातून निघणारी काही गंधद्रव्ये या सर्वांत सारखीच आहेत. पानातले पिवळे-नारिंगी रंगद्रव्य मोडले की फुलांचा, मधाचा भास देणारी द्रव्ये तयार होतात, आणि हेच चहाच्या पानातही घडते. तेव्हा सिगार ओढणारा भाजल्या दाण्यांची आठवण काढतो, तेव्हा त्याचे नाक बरोबर असते. फक्त त्याला ती जिभेची चव वाटते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाहाराच्या रश्श्यात किंवा पिकलेल्या टोमॅटोत जाणवणारी ती पाचवी खमंग चव, एवढेच कळते. बाकी सारे नाकाचे काम. तोंडातला धूर घशामागून नाकात थोडासा सोडला तरच पूर्ण स्वाद लागतो, असे हे लोक म्हणतात, ते याच कारणाने. मिरीची चव तर चव नव्हेच, ती नाकातोंडाच्या आतल्या त्वचेची चुणचुण. चामड्याविषयी मात्र माझे मत असे, की इतरांनी लिहिले म्हणून पुष्कळजण लिहितात!

आता तुलना. हवानातल्या कारखान्यांत माल तपासायला चवदार माणसांचे मंडळ असते. ('चवदार' हा शब्द मी मुद्दामच वापरला, नाहीतर 'टेस्टर' म्हणावे लागले असते.) ही मंडळी सकाळच्या प्रहरी बसतात, कारण तेव्हा जीभ ताजी असते. एका सिगारचा इंचभर भाग ओढायचा, बिनसाखरेच्या चहाचा घोट घेऊन तोंड साफ करायचे आणि मग पुढचा. कागदावर रकाने ठरलेले: ओढ कशी लागते, जळतो कसा, सुगंध, चव आणि जोर. यातला 'जोर' हा शब्द लक्षात ठेवावा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

हौशी लोकांचेही नियम असतात आणि त्यांत शहाणपण आहे. तुलना करायची तर सारख्याच लांबीजाडीच्या सिगारची करावी. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. सिगार जाड झाला की गाभा वाढतो आणि वेष्टनाच्या पानाचे प्रमाण घटते, म्हणजे एकच मिश्रण दोन जाडीत दोन तऱ्हेचे लागते. सौम्य आधी, जहाल नंतर. पेटवण्याआधी एक कोरडा झुरका, त्यात पानाचा कच्चा वास कळतो. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पहिल्या चार झुरक्यांत उतरतो. झुरका मिनिटाला एखादा. घाई केली तर सिगार तापतो आणि मग सगळे सिगार एकाच चवीचे, म्हणजे कडू, लागतात. पहिला, मधला आणि शेवटचा भाग वेगळा लागतो याचेही कारण सरळ आहे. आधीच्या धुरातला डांबरी अंश आणि ओल पुढच्या पानात साठत जाते, ज्वाला तोंडाजवळ येते, धूर गरम होतो.

मुलखाप्रमाणे फरक पडतो, हेही खरे. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात व्वेल्ता आबाहो नावाचा भाग आहे. तिथल्या तांबूस मातीतल्या पानाला जगात तोड नाही, असा जुना लौकिक. निकाराग्वात एस्तेलीच्या आसपास ज्वालामुखीच्या काळ्या जमिनीतले पान तिखट आणि भरदार, तर त्याच देशातल्या हलापाचे पान त्याहून गोडसर. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सिबाओ खोऱ्याचा माल सौम्य म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात मांडवाखाली वाढवलेले वेष्टनाचे पान फिकट आणि दुधासारखे मवाळ. मेक्सिकोच्या सान आन्द्रेसचे पान काळे, मातकट.

या यादीतही एक राजकारण आहे. १९५९ ची क्रांती झाली, १९६० मध्ये क्यूबाचे सिगार कारखाने सरकारजमा झाले आणि अनेक मालक-कारागीर देश सोडून गेले. जाताना ते कसब घेऊन गेले, बियाणे गेले आणि नावेही गेली. त्यामुळे आज पार्तागास, मोन्तेक्रिस्तो, रोमिओ इ हुलिएता अशी नावे दोन-दोन आहेत, एक क्यूबाची आणि एक बाहेरची. नाव तेच, पान वेगळे. चव तपासण्याची याहून चांगली संधी कुणाला मिळणार? पण इथेच माणसाची खरी परीक्षा होते, कारण पट्टीवरचे नाव डोळ्यांनी वाचले की जीभ आपले मत बदलते.

फ्रान्समध्ये बोर्दो येथे झालेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली आणि नंतर तीच वाइन, बिनवासाचा लाल रंग घालून, पुन्हा दिली. दुसऱ्या वेळी त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. सिगारचेही तसेच. काळपट वेष्टन पाहिले की नवखा माणूस म्हणतो, हा फार कडक असणार. वास्तविक काळे पान जास्त दिवस आंबवलेले असते आणि पुष्कळदा गोडसरच निघते. कडकपणा गाभ्यातल्या शेंड्याच्या पानावर असतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रामाणिक तुलना करणारे सिगारची कागदी पट्टी काढून घेतात. १९९२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'सिगार अफिशिओनाडो' या मासिकाने पट्टी काढून शंभरपैकी गुण देण्याची रीत रूढ केली. पण नव्वदच्या वर गुण मिळाले की तो माल दुकानातून नाहीसा होऊ लागला, आणि पट्टी काढून दिलेले गुण हीच एक नवी पट्टी होऊन बसली!

नावाच्या मोहाची सर्वांत सुरस कथा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची. १९६२ च्या फेब्रुवारीत क्यूबाच्या मालावर बंदी घालण्याआधी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना बोलावून हजार क्यूबन सिगार सकाळपर्यंत मिळवायला सांगितले. सॅलिंजर यांनी बाराशे आणले. मग अध्यक्षांनी टेबलाच्या खणातून कागद काढला आणि बंदीवर सही केली. ही हकिकत पुढे सॅलिंजर यांनीच लिहिली. ती बंदी अजून आहे, आणि अमेरिकेत क्यूबाच्या सिगारला जो मान आहे त्यातला बराचसा मला तरी या बंदीचाच वाटतो.

नावांवरून आठवले. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक सुंदर प्रथा आहे. ओळीने टेबले मांडून कारागीर सिगार वळत असतात आणि उंच जागी बसून एक वाचक त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. सुरुवातीच्या काळात त्याचा पगार कारागीर आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. वाचन आवडले तर टाळ्या नाहीत, कारण हात गुंतलेले. पान कापायच्या अर्धगोल पात्याने फळीवर टकटक करायची. ड्यूमाच्या 'काउंट ऑफ मोन्ते क्रिस्तो'वरून १९३५ मध्ये एका सिगारला नाव पडले, ते या वाचनामुळेच असे सांगतात. पुस्तके आवडणाऱ्या माणसाला या धंद्यातली एवढी एक गोष्ट नि:संकोच आवडावी.

आपला देशही या गोष्टीच्या बाहेर नाही. 'चिरूट' हा शब्द मुळात तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळणे, गुंडाळी. त्यावरून इंग्रजांनी 'चिरूट' केले आणि तो शब्द फिरून आपल्याकडे आला. तिरुचिरापल्लीचा चिरूट एकेकाळी विलायतेत इतका ओळखीचा होता, की कॉनन डॉइलने १८८७ च्या आपल्या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेत खुनी कोणता सिगार ओढत होता हे जमिनीवरच्या राखेवरून होम्सकडून ओळखवले: त्रिचनापल्ली. काळसर, पापुद्र्यांची राख. होम्सने म्हणे तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर प्रबंध लिहिला होता! आजच्या दर्दी मंडळींच्या नकाशात मात्र त्रिचनापल्ली क्वचितच दिसते.

आता तो 'जोर'.

नवशिक्याला चव आणि जोर एकच वाटतात, आणि मुरलेला माणूस त्याला लगेच दुरुस्त करतो: चव तोंडात, जोर अंगात. सिगार चवीला सौम्य असून जोरदार असू शकतो. तो जिभेला कळत नाही. अर्ध्या वाटेवर कपाळाला घाम येतो, पोटात ढवळते, डोके हलके होते, तेव्हा कळतो. म्हणून रिकाम्या पोटी ओढू नये, जवळ साखरेचा खडा ठेवावा, असे सल्ले या वर्तुळात मोठ्या आपुलकीने दिले जातात. ज्याच्यासाठी हे सल्ले लागतात त्या गोष्टीचे साधे नाव निकोटिन. सुगंध आणि चव यांच्या पंक्तीला बसवून, 'भरदार', 'पुरुषी', 'मध्यम ते कडक' अशी विशेषणे लावून त्यालाही गुण दिले जातात. मद्याच्या नोंदीत निदान टक्का छापलेला असतो. इथे नुसते विशेषण.

'पण आम्ही धूर छातीत घेत नाही' हे या मंडळींचे ठरलेले उत्तर. त्यामागची रसायनाची गोष्ट वेगळेच सांगते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी, त्यातले निकोटिन छातीत घेतल्याशिवाय फारसे भिनत नाही. हवेत वाळवून आंबवलेल्या सिगारच्या पानाचा धूर अल्कधर्मी. त्यातले निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. म्हणजे ज्या आंबवण्याने पानाला एवढी चव आली, त्याच घडणीमुळे छातीत धूर न घेताही तलफ लागू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र अहवाल काढला. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कर्करोग छातीत धूर न घेणाऱ्यालाही होतो, हे त्यात स्पष्ट आहे.

याचा दाखला शोधायला क्यूबाला जायला नको. आंध्रच्या किनाऱ्यावर 'चुट्टा' नावाचा गावठी चिरूट ओढतात. तिकडे, विशेषत: श्रीकाकुलमच्या बाजूला, अनेक बायका तो उलटा, म्हणजे पेटते टोक तोंडात धरून ओढत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने १९६० च्या दशकात खेडोपाडी जाऊन लोकांची तोंडे तपासली. उलटा चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूवर होणारी इजा आणि तिथला कर्करोग यांची नोंद या अभ्यासांतून झाली. त्या बायकांच्या चुट्ट्याला कुणी गुण दिले नाहीत, त्यात बदाम लागतो की मिरी हे विचारले नाही. पान तेच, तंबाखूचे.

आणि ज्यांचे नाव सिगारशी सर्वांत घट्ट जोडले गेले, त्या फिडेल कॅस्ट्रो यांचे काय झाले? त्यांच्या एका अंगरक्षकाकडच्या सिगारचा वास त्यांना आवडला. तो वळणाऱ्याला शोधून काढले आणि १९६६ मध्ये 'कोहिबा' हे नाव जन्माला आले. तंबाखूचा ढीग तिसऱ्यांदा आंबवून केलेला हा सिगार सुरुवातीला राजदूतांना आणि परदेशी पाहुण्यांना भेट म्हणूनच मिळे. बाजारात तो १९८२ मध्ये आला. १९८५ मध्ये कॅस्ट्रो यांनी सिगार कायमचा सोडला, कारण देशाला धूम्रपान सोडायला सांगायचे तर आधी आपण सोडायला हवे होते. कोहिबाची किंमत मात्र वाढतच राहिली.

घरी परदेशातून कुणी सिगारचा डबा भेट म्हणून आणला, तर काय करावे? मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा, हे पहिले. ज्याला कुतूहल आहे त्याने डबा उघडून न पेटवलेल्या सिगारचा वास घ्यावा. वाळलेले गवत, चहाची पत्ती, कोकोची भुकटी, थोडे मध, वर सांगितलेले जवळजवळ सारे त्यात सापडते, आणि 'जोर' तेवढा डब्यातच राहतो. डब्याला येणारा लाकडाचा गोड वास तर वेगळाच. त्या लाकडाला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात, पण देवदाराशी त्याचे काही नाते नाही. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातले, आपल्याकडच्या तून वृक्षाचे जवळचे भावंड. किडे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. आतला माल काढून टाकला तर शिवणाची रिळे, बटणे, जुनी पत्रे ठेवायला डबा उत्तम, आणि वास वर्षानुवर्षे टिकतो.